मागचा नळ : धोमच्या काठावरच्या एका उन्हाळी शिबिराची तपासणी

धोम धरणाच्या फुगवट्याच्या काठाला एका संस्थेची अडीच एकर जागा आहे. दोन हॉल, एक स्वयंपाकघर, आंब्याची सात-आठ जुनी झाडं, समोर पाणी आणि त्यापलीकडे डोंगर. दर मे महिन्यात इथे ९ ते १४ वयाच्या मुलामुलींचं सात दिवसांचं निवासी शिबिर भरतं. वाई, सातारा, पुण्याकडची मुलं येतात. संस्थेचं आणि गावाचं नाव मी लिहीत नाही. माणसं चांगली आहेत, ऐकून घेणारी आहेत, आणि इथे ज्या चुका सापडल्या तशाच मी दुसरीकडेही पाहिल्या आहेत.

मी ३१ वर्षं आरोग्य खात्यात काढली, शेवटची काही वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्य सहायिका म्हणून. निवृत्तीनंतरही गावात सगळे सिस्टरच म्हणतात. संस्थेचे कार्यवाह, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, एप्रिलमध्ये घरी आले. आदल्या वर्षीच्या शिबिरात तिसऱ्या दिवशी संध्याकाळपासून ५८ पैकी २३ मुलांना उलट्या-जुलाब झाले होते. सात मुलांना वाईला नेऊन सलाईन लावावं लागलं. सगळी बरी झाली, पण पालकांचे फोन, रात्रभराची धावपळ, एका नऊ वर्षांच्या मुलीचे खोल गेलेले डोळे, हे अण्णांच्या मनातून गेलं नव्हतं. त्या दिवशी दुपारी आमरस होता. दोष आमरसावर आला आणि या वर्षीच्या जेवणातून तो काढून टाकला गेला. पाण्याचा किंवा अन्नाचा नमुना कुठेच गेला नव्हता.

"सिस्टर, एकदा सगळं बघून द्या. काय कमी असंल ते लिहून द्या, आम्ही करतो," अण्णा म्हणाले.

कागद

आधी कागद मागवले, कारण ते बसल्या जागी बघता येतात. आपल्याकडे मुलांच्या उन्हाळी शिबिरासाठी म्हणून एका जागी मिळणारा, सगळं एकत्र बघून दिलेला दाखला नसतो. तुकडे असतात, आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या खात्याकडे. जेवण करणाऱ्याला अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ प्रमाणे नोंदणी किंवा परवाना हवा, त्याच्या हाताखालच्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी हवी. दोरीवरून घसरणं, कडा चढणं, होडी चालवणं असे खेळ ठेवले तर राज्याचं ऑगस्ट २०२१ चं साहसी पर्यटन धोरण लागू होतं आणि पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. धरणाच्या पाण्यात उतरायचं तर पाटबंधारे खात्याला विचारायला हवं. मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या माणसांची पोलीस पडताळणी पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, २०२० च्या नियमांत सांगितली आहे. शिवाय ग्रामपंचायतीची ना हरकत, विमा, पालकांची संमती आणि प्रत्येक मुलाचा आरोग्य फॉर्म.

संस्थेकडे यातलं बरंच होतं. आचाऱ्याची नोंदणी चालू मुदतीतली होती. आग विझवायच्या नळकांड्या भरलेल्या होत्या. पोलीस पडताळणी शिबिरप्रमुखांची आणि दोन शिक्षकांची झालेली, बाकी कार्यकर्त्यांची नव्हती. फाईल नीट लावलेली होती, आणि ती बघून मलाही जरा निश्चिंत वाटलं. ती निश्चिंती चुकीची होती.

मी वाचलेल्यात न्यूयॉर्क राज्याची पद्धत मला पटली होती. तिथे मुलांच्या शिबिराला आरोग्य खात्याचा परवाना लागतो, सुरक्षेचा लेखी आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो, आणि वर्षातून किमान दोन तपासण्या होतात. त्यांतली एक तरी शिबिर चालू असताना. निवासी शिबिरात ८ वर्षं आणि त्यावरच्या १० मुलांमागे एक मोठं माणूस, ८ च्या आतल्या असतील तर ८ जणांमागे एक. ते प्रमाण आम्ही जसंच्या तसं घेतलं. पण खरी मोलाची वाटली ती 'शिबिर चालू असताना' ही अट. तिचा अर्थ मला त्याच आठवड्यात कळला.

सकाळी अकराची तपासणी

२२ एप्रिलला सकाळी अकराला मी जागेवर पोचले. हॉल झाडून घेतलेले. स्वयंपाकघराच्या ओट्यावर पाण्याचा थेंब नाही. पाण्याची सोय अशी की काठाजवळच्या विहिरीतून मोटरने पाणी वर टेकाडावरच्या पाच हजार लिटरच्या काळ्या टाकीत चढवतात, टाकीत टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी ब्लीचिंग पावडर, टाकतात आणि तिथून नळांना सोडतात. आमच्याकडे हजार लिटरला ५ ग्रॅम हे प्रमाण पाठ असतं, म्हणजे या टाकीला २५ ग्रॅम. पावडर चांगली, ३३ टक्के क्लोरीनची हवी. उघड्या पोत्यात वर्षभर पडलेली असेल तर ती चुन्याच्या बरोबरीची. इथली डब्यात होती, झाकण घट्ट, तारीख या वर्षाची.

पुढच्या नळाचं पाणी ओटीच्या नळीत घेतलं, थेंब टाकले. पाण्यात क्लोरीन असेल तर ते पिवळं होतं. छान पिवळं झालं. स्वयंपाकघरातला नळ, तोही पिवळा. मुलांच्या हॉलमागे, संडासांच्या रांगेशेजारी आणखी एक नळ दिसला. फिरवला तर दोन-चार थेंब गळले आणि थांबले.

"ह्यो धुण्याभांड्याचा नळ हाय, बंदच असतोय," जागा सांभाळणारे मामा म्हणाले.

मी वहीत लिहिलं : मागचा नळ, बंद. पुढच्या ओळीला गेले. ती वही माझ्याकडे अजून आहे.

संध्याकाळी शेवटची एसटी चुकली. मुलींचा हॉल साफ करायला चार कॉलेजच्या मुली आल्या होत्या, त्यांच्यातच माझी सतरंजी पडली. या प्रकरणातलं जे काही शिकण्यासारखं आहे ते त्या रात्री साडेनऊ ते सकाळी साडेसहा या वेळात दिसलं.

पहाटे

पाच वाजता मोटरच्या आवाजाने जाग आली. थ्री फेज वीज पहाटे खात्रीने असते म्हणून मोटर तेव्हाच लावतात. अंधुक उजेडात बाहेर आले तर त्या चौघींपैकी दोघी मागच्या नळावर दात घासत होत्या. नळाला धो धो पाणी. एकीने चूळ भरली, ओंजळीने दोन घोट प्यायली आणि बाटली नळाखाली धरली.

"अगं, हे पितेस?"

"हे गार असतं, ताई. पुढच्या नळाचं कोमट लागतं."

मला तिथेच सगळं लख्ख दिसलं. काळी टाकी दिवसभर उन्हात तापते, पहाटेपर्यंतही तिचं पाणी नीट निवत नाही. मागचं पाणी गार, कारण ते टाकीतून आलेलंच नव्हतं. पाइपामागे चालत गेले. विहिरीतून टाकीकडे चढणाऱ्या लाईनीलाच मधे एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावून हा नळ काढला होता. हॉलचं बांधकाम चालू असताना पाण्यासाठी गवंड्यांनी काढलेला, नंतर तसाच राहिलेला. मोटर चालू असते तेव्हा त्याला विहिरीचं कच्चं पाणी येतं. मोटर थांबली की पाइपात उरलेलं थोडा वेळ येतं आणि मग तो कोरडा. अकरा वाजता बघणाऱ्या कुणालाही तो बंदच दिसणार. पहाटे उठणाऱ्या मुलांना तो जागेवरचा सगळ्यात चांगला नळ.

ओटीची नळी भरली, थेंब टाकले. पाणी जसं होतं तसंच पांढरं राहिलं. पिवळ्याची छटासुद्धा नाही. एच टू एसची एक बाटली पिशवीत होती, पाण्यात विष्ठेतले जंतू असले तर काळी पडणारी, तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरून झाकण लावलं आणि तारीख-वेळ लिहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या घरच्या फळीवर ती शाईसारखी काळी झाली होती. पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये इ. कोलाय जंतू एकही चालत नाही. या बाटलीने आकडा कळत नाही, पण विष्ठेतून येणाऱ्या जंतूंची शंका घ्यायला ती पुरेशी आहे. मग निर्जंतुक बाटलीत रीतसर नमुना घेऊन साताऱ्याच्या सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत पाठवायला लावला. उत्तर तेच आलं, पिण्यास अयोग्य.

त्याच पहाटे दुसरीही गोष्ट कळली. टाकी सहाला भरते आणि टीसीएल पडतं नऊला, मामा दूध घालून आले की. सकाळी सहाला स्वयंपाकघरातल्या नळाची ओटी घेतली, तर रंग इतका फिकट की तीनदा उजेडाकडे धरून बघावा लागला. टीसीएल टाकल्यावर किमान अर्धा तास थांबायचं असतं. इथे तीन तास मुलं आधीच पीत होती.

मग मी अण्णांकडून गेल्या वर्षीची यादी मागवली. आजारी पडलेल्या २३ जणांची नावं हजेरीशी लावली. मुलींच्या हॉलमध्ये २८ जणी होत्या, त्यांतल्या दोन आजारी. मागच्या हॉलमध्ये ३० मुलगे, त्यांतले २१. आमरस सगळ्यांनी खाल्ला होता, एकाच पातेल्यातला. राहिल्या त्या दोन मुली. त्यांच्या घरी फोन केला. त्यातली एक लगेच म्हणाली, "आम्हा दोघींची सकाळची भांडी घासायची पाळी होती. मागच्या नळावर."

गेल्या वर्षीचं पाणी आज तपासता येत नाही, म्हणून मी अहवालात 'सिद्ध झालं' असं लिहिलं नाही. 'सर्वांत संभाव्य कारण' असं लिहिलं. पण मनात शंका उरली नाही. आमरसाला मी त्या अहवालात निर्दोष सोडलं आणि या वर्षी मुलांना तो मिळालाही, ताजा काढून तासाभरात वाढलेला.

दुरुस्ती दोन तासांची होती. प्लंबरने ती टी कापली, चढत्या लाईनला सरळ पाइप जोडला, आणि मागच्या नळाला टाकीवरून नवी लाईन आणली. नळ काढून टाकायचा आग्रह मी धरला नाही. मुलं जिथे तोंड धुतात तिथे पाणी नसेल तर ती दुसरीकडे शोधणार, तेव्हा तिथे चांगलं पाणी देणंच शहाणपणाचं. दुसरी टाकी बसवली. संध्याकाळी वापराची टाकी ठरते, आणि पहाटे भरली जाते ती दुसऱ्या दिवसासाठीची. भरणं सुरू होतानाच टीसीएलचं पाणी तिच्यात जातं. बादलीत पावडर कालवून, खाली बसू देऊन, वरचं नितळ पाणी ओतायचं. पाणी गार हवं ही मुलांची मागणी रास्त होती, म्हणून टाक्यांवर पाचटाचं छप्पर केलं आणि हॉलमध्ये चार मोठे माठ ठेवले, तोटीचे, झाकणाचे. रोज सकाळी सहाला, मुलं उठायच्या आधी, तिन्ही नळांची ओटी आणि तिची वहीत नोंद. क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅमच्या खाली गेलं तर नळ बंद.

रात्र

रात्रीचं आधी घडलं, पण लिहिताना मागे राहिलं, कारण पाण्याने मला पछाडलं होतं.

मुलींच्या न्हाणीला तीन बाजूंनी भिंत आणि चौथ्या बाजूला ताडपत्री होती. दिवसा त्यात काही वावगं नाही. रात्री आत बल्ब लागला आणि ताडपत्रीवर आतल्या मुलीची पूर्ण सावली उमटली. समोरच वीस पावलांवर आचाऱ्याची माणसं भांडी घासत बसली होती. कुणाच्या मनात काही नव्हतं, कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिथे विटा लागल्या. याच रात्री कळलं की आचाऱ्याबरोबर त्याचा एक लांबचा भाचा आला आहे आणि त्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही. तो भला मुलगा असेलही. मुलांच्या निवासी जागेत मात्र 'असेलही' वर भागत नाही. त्याला शिबिराच्या आधी घरी पाठवला, आणि राहिलेल्या सगळ्यांची पडताळणी झाल्याशिवाय कुणी मुक्कामी राहायचं नाही असं ठरलं. बंद दाराआड एकटं मोठं माणूस आणि एकटं मूल कधीच नाही, आजारी मुलाच्या खोलीतही नाही. पहिल्याच दिवशी मुलांना सांगितलं की कुणाचा हात नकोसा वाटला तर कुणाकडे यायचं, आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर त्यांच्याकडून पाठ करून घेतला. कार्यकर्त्यांना पोक्सोचं कलम १९ समजावलं : असं काही कळलं तर पोलिसांना कळवणं हे ऐच्छिक नाही, संस्थेची बदनामी होईल म्हणून आपसांत मिटवणं हा गुन्हा आहे. हे बोलताना दोन-तीन जण खाली बघत होते. तरी मी आवाज बारीक केला नाही.

मुलग्यांच्या हॉलला एकच दार, खिडक्यांना गज, आणि दाराला बाहेरून कडी. गेल्या वर्षी मुलं रात्री पाण्याकडे पळाली होती म्हणून कडी घालायला सुरुवात झाली होती. हॉलला लागून स्वयंपाकघराचं गवती छप्पर, त्याखाली लाकडाची चूल. २००४ साली तमिळनाडूत कुंभकोणमला शाळेच्या स्वयंपाकघरातून आग गवती छपराला लागली आणि ९४ मुलं गेली. हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते उठून बाहेर गेले. परत आले ते सुताराला फोन करूनच. कडी निघाली. मागच्या भिंतीत आत जोर दिला की बाहेर उघडणारं दुसरं दार पडलं. चूल पन्नास पावलं लांब गेली, पत्र्याखाली. मुलं पळू नयेत म्हणून दाराशी दोन कार्यकर्ते आळीपाळीने जागे राहिले.

मुलं जमिनीवर झोपायची. मे महिन्यात या भागात मण्यार निघतो. तो रात्री फिरतो, घरात येतो, आणि झोपलेल्या माणसाला चावला तर कित्येकदा कळतही नाही. खूण दिसत नाही, सूज येत नाही. पहाटे मूल म्हणतं पोटात दुखतंय, घसा दाटलाय. आपण ओवा देतो. मी कार्यकर्त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली : पहाटे पोट दुखणाऱ्या मुलाच्या पापण्या बघा. पापण्या जड होऊन खाली येत असतील, बोलणं जडावलं असेल, तर थांबायचं नाही, दोरी बांधायची नाही, चिरायचं नाही. १०८ ला फोन, आणि गाडीला वेळ लागणार असेल तर आपल्या गाडीने ग्रामीण रुग्णालय. सापाच्या विषावरचं औषध नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवरही एकच आहे, तेव्हा साप मारून नेण्यात वेळ घालवू नये. गादीखाली खोचलेली मच्छरदाणी हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि शिबिराच्या ६४ मुलांसाठी मच्छरदाण्या आणल्या. विंचवाचंही तसंच : लाल विंचू चावून मूल घामाघूम झालं, उलट्या करू लागलं, तर मंत्र नाही, दवाखाना. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिल्यापासून या दंशाने मरणं टाळता येतं, पण गोळी वेळेवर पोटात गेली तरच.

स्वयंपाकघर

आचारी पंढरपूरच्या वारीत हजारांना वाढलेले, हात स्वच्छ, स्वभाव रोखठोक. त्यांच्याशी वाद झाला तो रात्रीच्या भातावरून. उरलेला भात झाकून ठेवायचा आणि सकाळी फोडणी द्यायची, हे घरोघरी चालतं. मोठ्या पातेल्यातला भात मात्र मध्यभागी रात्रभर कोमट राहतो, त्यात जे जंतू वाढतात त्यांचं विष फोडणीच्या कढईतही मरत नाही. "आम्ही जल्मभर खाल्ला," ते म्हणाले. घरचा भात वाटीभर असतो, हा वीस किलोचा आहे, मी म्हटलं. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि मानलं. शिजलेलं अन्न वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर गरम, नाहीतर फ्रीजमध्ये ५ अंशांच्या खाली, मधलं काही नाही. दर जेवणाची एक वाटी झाकून, तारीख लिहून दोन दिवस फ्रीजमध्ये, म्हणजे पुढच्या वेळी आमरसावर उगाच आळ यायला नको. शालेय पोषण आहारात शिक्षक आधी चव घेतात, तसंच इथे एक ताई किंवा दादा आधी जेवायचे.

सरबताला बर्फ बाजारातून यायचा. राज्यात २०१८ पासून खाण्यायोग्य नसलेला बर्फ निळसर करायचा नियम आहे. तरी लादी पांढरी आहे एवढ्यावर मी विश्वास ठेवत नाही, कारण ती टेम्पोत गोणपाटावर येते. बर्फ बंद केला. माठ होतेच.

पाणी, समोरचं

यावरून अण्णा माझ्यावर रागावले होते आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पत्रकात 'नौकाविहार' छापलं होतं. गावातला एक होडीवाला ठरला होता, बारा लाइफ जॅकेट होती, सगळी मोठ्या माणसांच्या मापाची. एप्रिलमध्ये पाणी दगडी काठाला टेकलेलं होतं. मेच्या पहिल्या आठवड्यात परत गेले तेव्हा शेतीसाठीचं उन्हाळी आवर्तन धरणातून सुटलेलं, पाणी चाळीस पावलं मागे सरकलेलं, आणि मधे सगळा गाळ. वरून तो वाळून भेगाळलेला, चालता येईल असा. मी बांबूची काठी टेकवून जोर दिला. वरची खपली पापडासारखी मोडली आणि काठी कोपरापर्यंत हातासह आत गेली. उपसायला दोघे लागले. दहा वर्षांचं मूल तिथे चेंडूमागे धावलं तर काय होईल हे अण्णांनी स्वतः बघितलं.

मी लिहून दिलं की काठावरच्या दगडी बांधापुढे कुणी जायचं नाही, होडी नाही, पोहणं नाही. पालकांना काय सांगायचं, पैसे घेतलेत, असं ते म्हणाले. पालकांना खरं सांगा म्हटलं. त्यांनी एक पत्र लिहिलं, गाळाचा फोटो जोडला. एकाही पालकाने पैसे परत मागितले नाहीत. बांधावर सुतळी आणि लाल कापडं लागली, आणि मुलं असतील त्या प्रत्येक वेळी तिथे एक माणूस, हातात मोबाईल नसलेला.

शिबिर

८ मे ते १४ मे. ६४ मुलं, नऊ कार्यकर्ते, शिवाय शिक्षक. मी पहिल्या दोन आणि चौथ्या रात्री मुक्कामाला होते. दम्याचा पंप, फिटची गोळी, शेंगदाण्याची अॅलर्जी, ही तीन मुलं फॉर्मवरून आधीच माहीत होती आणि त्यांची औषधं त्यांच्या हॉलच्या ताईकडे किंवा दादाकडे, नाव लिहून. सकाळी अकरा ते चार मैदान बंद. एवढं सुरळीत चाललं की त्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही.

चौथ्या दिवशी साडेचारला मात्र वळीव आला. मैदानावर खो-खो चालू. डोंगरामागून काळं चढलं, वारा थांबला. मोबाईलवर विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप होतं, ते खणखणलं तेव्हा मुलं आंब्याखाली धावायला लागली होती. पावसात झाडाखाली जाणं हे आपल्या अंगात मुरलेलं असतं, आणि विजेत तेच जीवावर बेततं. ताई-दादांनी दोन दिवसांपूर्वी याची तालीम घेतली होती. शिट्टी तीनदा वाजली की झाड नाही, पत्र्याचं शेड नाही, पुढचा सिमेंटचा हॉल, आणि आपल्या जोडीदाराचा हात. सगळी मुलं आत आली तेव्हा पहिले टपोरे थेंब पडत होते.

मोजली तर ६३.

पुन्हा मोजली, ६३. एवढ्यात एक बारीक चणीचा मुलगा पुढे आला : "माझा जोडीदार नाही." कोण, कुठे होता, कधी पाहिला, हे त्याला पाठ होतं, कारण जोडी लावण्याचं कारणच ते. जोडीदार संडासात गेला होता. एक दादा पळत गेला आणि त्याला खांद्यावर घालून आणलं. हॉलचं दार लावलं आणि मिनिटभरात मैदानाच्या टोकाच्या आंब्यावर वीज पडली. झाडाची साल वरपासून खालपर्यंत उभी सोलली गेली. दोन्ही मुलं भिंतीला टेकून बसली होती, हात तसेच धरलेले. नुसती डोकी मोजली असती तर ६३ च्या पुढे नाव शोधायला किती वेळ गेला असता, हा विचार अजूनही मला रात्री येतो.

सात दिवसांत दोन मुलांना जुलाब झाले, एकाला घरूनच पोट बिघडलेलं होतं, दुसऱ्याचं ओआरएसवर एका दिवसात थांबलं. एकाला ऊन लागलं. एकीला मधमाशी चावली. वाईला कुणाला न्यावं लागलं नाही. ओटीच्या वहीत सात सकाळींच्या एकवीस नोंदी आहेत. त्यांतली एक, तिसऱ्या दिवशीची, मागच्या नळाची, फिकट आहे : टाकीचा व्हॉल्व्ह उलटा फिरवला गेला होता. अर्ध्या तासात लक्षात आलं, नळ बंद झाला, मुलांनी माठाच्या पाण्याने दात घासले.

विहिरीभोवती जाळी आणि जनावरांना वेगळा हौद, हे माझ्या यादीतलं काम पैशाअभावी राहिलं आहे. मुलग्यांच्या हॉलपासून संडासापर्यंतचा दिवाही एकच आहे, दोन हवेत. पुढच्या वर्षी तपासणी करायची जबाबदारी, पहाटे मागच्या नळावर बाटली भरणाऱ्या त्या मुलीने घेतली आहे. ती आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी तिला ओटीचा संच दिला आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दोघींनी मिळून जायचं ठरवलंय, संध्याकाळच्या एसटीने.